राजीखुशीचा कागद

“मंग फुडं?”

आपलं सांगून संपलं असं समोरच्याला वाटे, नेमका तेव्हाच ती हा प्रश्न टाकायची. हनुवटी जराशी पुढे, डोळे बोलणाऱ्याच्या तोंडावर आणि उजव्या हाताचं बोट समोरच्या कागदावर टेकलेलं. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी वाचणारा जिथे थांबला असेल त्या ओळीपाशीच तिचं बोट असायचं. कसं जमायचं ते मला पुढे कळलं. ती अक्षरं बघत नसे, वाचणाऱ्याची बुबुळं बघत असे.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. त्यांना उत्तर दिलं म्हणजे आपली सुटका होत नाही. उत्तरातूनच त्यांना पुढचा प्रश्न सापडतो. पण अशी माणसं बहुधा चार बुकं शिकलेली असतात. ही कोलशेतच्या मिठागरात मीठ ओढणारी बाई होती, आणि तिला समुद्रापलीकडे जायचं होतं.

मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. नोकरीला दोन वर्षं झाली होती, मिशा नुकत्याच दाट होऊ लागल्या होत्या. परमुलखात कामाला जाणाऱ्या लोकांची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. कुणी मजूर करार करून बोटीने जाणार असला, की आधी त्याला जिल्ह्याच्या साहेबासमोर उभं राहावं लागे. तू कुठे जातोस ते तुला ठाऊक आहे का, तुला कुणी फसवून तर नेत नाही ना, असं साहेब विचारी, आणि मग ‘राजीखुशीने जात आहे’ असा कागद होई. त्याशिवाय मुंबईला बोटीवर घेत नसत. एकट्या बाईचं तर विचारूच नका. तिची चौकशी दुप्पट.

ती पहिल्यांदा आली ती एकटीच. कचेरीत बायका येत, पण भावाच्या नाहीतर दिराच्या मागे चार पावलं राहून. ही सरळ माझ्या मेजापाशी आली. उंच, सावळी, अंगानं वाळलेली. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि त्याखाली मिठानं पांढुरके झालेले, भेगाळलेले पाय. वय पस्तीस असेल, चाळीसही असेल.

“दादा, मोंबाशाला जावाचा हाय. कागद तूच करतंस ना?”

तिच्या आगरी बोलीत ‘तुम्ही’ फारसं नव्हतंच. ती मला ‘तू’ म्हणाली, पुढे आमच्या शिरस्तेदारांना म्हणाली आणि गोऱ्या साहेबालाही म्हणाली. कुणाला राग आला नाही. राग यावा असं तिच्या आवाजात काही नसे.

“कुणाकडे जायचंय?” मी विचारलं.

“घोवाकडं. पाच वर्सां झाली त्याला जाऊन.”

तिचा नवरा खाडीत बांध घालण्यात तरबेज. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रेल्वेचं काम निघालं, तिथे पाण्यात भराव टाकणारी माणसं हवी होती, म्हणून तीन वर्षांचा करार करून तो गेला होता. तीन वर्षं संपली. गावची इतर माणसं परतली. तो आला नाही.

“का नाही आला?”

“त्येच तर इचाराला जावाचा हाय,” ती म्हणाली, आणि मेजासमोर जमिनीवर बसली.

मी तिला काय काय लागेल ते सांगू लागलो. चेहरेपट्टी, म्हणजे अंगावरच्या खुणांची नोंद. डॉक्टरचा दाखला. गावच्या पाटलाची साक्ष. आणि नवरा तिथे असल्यामुळे त्याची संमती. दर बाबीला तिनं “ह्या कशाला?” विचारलं. इतर लोक मान डोलावून मोकळे होत, त्यामुळे यातलं काय कशासाठी असतं ते मलाच धड माहीत नव्हतं. दोन गोष्टी मी शिरस्तेदारांना विचारून आलो. त्यांनाही एक सांगता आली नाही.

चेहरेपट्टीच्या वेळची गंमत सांगतो. कपाळावर गोंदण, डाव्या दंडावर गोंदण, उजव्या पोटरीवर भाजल्याचा डाग, असं मी लिहीत गेलो.

“ह्या खुना कशाला?”

“बोटीवर चढताना बघतात. कागदावरची बाई तीच का, ते.”

“आन् वाटंत मेली तर?”

“तर... तेव्हाही बघतात.”

“म्हंजी मी मेली तरी मी मीच हाय ता तुज्या कागदावरनं ठरनार?” ती हसली. पुढचे दोन दात जरा पुढे होते, हसली की चेहरा एकदम पोरीसारखा व्हायचा. “मंग नीट लिव ना. डाव्या कानाची पाली फाटलेली हाय, ती तू बगितलीसच नाय.”

खरंच बघितली नव्हती. लिहिली.

मग निशाणी. तेव्हा अक्षरशत्रू माणसं कागदावर आपल्या धंद्याची खूण काढत. शेतकऱ्यानं नांगर काढायचा. बाई कुठलीही असो, तिनं बांगडी. मी तिच्या हातात टाक दिला आणि सांगितलं, इथे एक वाटोळं काढ, बांगडी म्हणून.

“बांगडी तर सगल्या बायांची. मंग ही माजी ता कसा समाजनार?”

“बाईची निशाणी बांगडीच असते.”

तिनं टाक मुठीत धरला, एक लांब रेघ ओढली आणि तिच्या टोकाला एक आडवा जाड फराटा काढला. मीठ ओढायची लाकडी फळी. लांब दांड्याची असते, वाफ्यातलं मीठ त्या फळीनं काठाला ओढून घेतात.

कागद शिरस्तेदारांकडे गेला. मोठे शिस्तीचे गृहस्थ. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मला हाक मारली.

“हे काय? केरसुणी?”

“नाही, मिठाची फळी. बाईच्या हातची निशाणी आहे.”

“बाईची निशाणी बांगडी. पुन्हा काढून घ्या.”

ती माझ्या मागोमाग दारापर्यंत आलेली मला कळलंच नव्हतं. तिथूनच तिनं विचारलं, “तू मीठ खातंस ना रे बाबा?”

शिरस्तेदारांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नसावं.

“खातो.”

“मंग बांगडीनं आलाय का ता तुज्या ताटात?”

शिरस्तेदारांनी कागद पुन्हा जवळ ओढला. मग चष्मा खाली ओढून त्यांनी त्या चित्राखाली आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘निशाणी मीठ ओढण्याच्या फळीची’. कागद माझ्या हातात देताना पुटपुटले, “यापुढे कुणी कढई काढून आणली तर मला दाखवू नका.”

आमच्या खोलीत भिंतीवर एक नकाशा होता. तो कुणी कधी पाहत नसे. त्याच्या खालच्या कोपऱ्याला वाळवी लागली होती. तिनं पाहिला. हे काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं, हे ठाणं, ही मुंबई, हा समुद्र, आणि हे पलीकडे मोंबासा.

“कोलशेत कुठं?”

“ते एवढं लहान आहे की दिसायचं नाही.”

तिनं ठाण्यावर अंगठा ठेवला आणि समुद्रावरून वीत टाकली. एक वीत, आणि वर चार बोटं. हात तसाच ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली.

“येवडाच?” ती म्हणाली. “मंग त्याला येवाला का नाय जमला?”

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

डॉक्टरकडचा किस्सा मला खुद्द डॉक्टरांनीच सांगितला. त्यांनी तपासणीसाठी छातीला नळी लावली, तर ही म्हणे, तू काय आयकतंस ता मना बी आयकू दे. डॉक्टर विनोदी होते. त्यांनी नळीचं टोक तिच्याच कानाला लावून दिलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, “आत कोन कांडत बसलंय?” डॉक्टरांनी सांगितलं, काळीज. “रातचा बी कांडतंय?” हो. “मी निजल्यावर बी?” हो. तिनं परत नळी कानाला लावली, आणि बाहेर तपासायची माणसं खोळंबली तरी काही केल्या सोडीना. दाखल्यावर डॉक्टरांनी ‘प्रकृती उत्तम’ एवढंच लिहिलं.

राहिली नवऱ्याची संमती. त्याला पत्र लिहिणं आलं. तिनं सांगावं, मी लिहावं. अशा पत्रांची मला सवय होती. बायका रडून सांगत, शिव्याही सांगत. हिनं निव्वळ प्रश्न सांगितले. तिथे भरती किती चढते? बांधाला चिखल कसला वापरता? तिथली माणसं मीठ पिकवतात की विकत आणतात? तुझा दुखरा पाय कसा आहे? हे सगळं झाल्यावर ती थांबली. मी टाक बुडवून वाट पाहत बसलो.

“लिव,” ती शेवटी म्हणाली, “मी येव का?”

उत्तर यायला अडीच महिने लागले. तेवढ्या काळात ती दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी कचेरीत डोकावायची. पत्र आलं नाही म्हटलं की बसायची आणि काहीतरी विचारायची. टपालाची पिशवी बोटीत कुठे ठेवतात? साहेबाची बायको त्याला कोणत्या नावानं हाक मारते? मला यातलं काही ठाऊक नसे. एकदा ती म्हणाली, “दादा, तू बी इचार कवा तरी. मीच किती इचारू?”

तेव्हा मी विचारलं, मीठ कसं होतं. जन्म ठाण्यात गेला, मिठागरं रोज दिसत, पण मला ते माहीत नव्हतं. तिनं सांगितलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून कोंडायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं, ऊन खाऊ द्यायचं. “पानी जड झाला की त्याच्यावर साय धरते. तवा हात लावाचा नाय. पोरगी पयल्यांदा न्हाती झाली म्हंजी कशी गप बसते, तसा त्यो पानी गप बसतो. मंग एक दिस सकालचं बगावं तर खाली मीठ.” हे सांगताना ती कुणालाच काही विचारत नव्हती. तिला पूर्ण ठाऊक असलेली अशी ती एवढी एकच गोष्ट असावी.

त्याच दिवशी तिनं मला विचारलं, “तुला नाय वाटत, जावा म्हनून? रोज लोकांना धाडतंस.”

“आमच्यात समुद्र ओलांडलेला चालत नाही. प्रायश्चित्त घ्यावं लागतं.”

“चालत नाय, ता कोनाला?”

मी विचार केला. आजोबा वारले होते. वडिलांना मुंबईच्या पुढे कशाचीच पर्वा नव्हती. “तसं कुणाला असं नाही,” मी म्हणालो. तिनं नुसती मान हलवली आणि टोपली उचलली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, असं म्हणणार नाही. पण पुढे बरेच दिवस दुपारच्या वेळी मी त्या नकाशाकडे बघत असे.

पत्र आलं तेव्हा मी ते आधी एकट्यानं वाचलं. तिथल्या कुणा मुकादमाच्या हातचं होतं, मराठी मोडीत. वाचून मी ते घडी घालून खणात ठेवलं. बाजाराच्या दिवशी ती आली तेव्हा बाहेर काढलं आणि मोठ्यानं वाचलं. “मी खुशाल आहे. पाय बरा आहे. भरती आपल्याकडे चढते तेवढीच चढते. इकडची हवा वाईट. तू येऊ नको.”

मी घडी घालू लागलो.

“मंग फुडं?”

“संपलं.”

तिचं बोट कागदावर आलं. पाचव्या ओळीवर. “दादा, तू हितं थांबलास. ह्याच्या खाली येवडी मुंग्यांची रांग हाय, ती कसली?”

मी तिच्याकडे बघितलं नाही. उरलेलं वाचलं. त्यानं तिथे दुसरं घर केलं होतं. बाई तिकडचीच होती. दोन वर्षांचा मुलगा होता. तो आता परत येणार नव्हता. तू माझी वाट पाहू नको, तुला हवं तसं कर, असं लिहून खाली ‘निशाणी नांगराची’ होती. तो काही शेतकरी नव्हता. मुकादमानं सगळ्यांना नांगरच काढायला लावला असेल.

तिचं बोट अजून कागदावरच होतं. कचेरीत बाकीचे लोक बोलत होते, शिपाई कुणाला तरी हाकलत होता. मला वाटलं आता ती रडेल, आणि आपण काय करायचं याचा मी विचार करू लागलो.

“पोरग्याचा नाव काय लिवलाय?”

“नाव नाही लिहिलं.”

“काय मानूस तरी,” ती म्हणाली. “नाव लिवाचा ना.”

ती उठली आणि बाहेर पडली. पण फाटकाकडे न जाता उलट्या बाजूला, खजिन्याच्या खोलीकडे चालू लागली. पहारेकऱ्यानं तिला दंडाला धरून वळवलं, वाट दाखवली. तिनं त्याला काहीही विचारलं नाही.

नियमानं तिचा अर्ज तिथेच निकालात निघायला हवा होता. ‘पतीची संमती नाही’ एवढे तीन शब्द लिहायचे होते. मी ते आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. मिठाचा हंगाम संपत आला. माजिवड्याचा एक मुकादम मोंबाशाच्या भरावासाठी नवी तुकडी जमवत होता. अकरा पुरुष आणि दोघांच्या बायका अशी यादी त्यानं माझ्याकडे आणली. साहेबासमोर उभं राहायच्या दिवशी ही सगळी माणसं व्हरांड्यात बसली होती, आणि त्यांत ती होती.

“माजा बी नाव लिव,” ती म्हणाली. “बांधावर माती टाकाला. मुकादम नेतो बोलला.”

“पण तुझा नवरा...”

“त्याच्याकडं जातंय असा नको लिवू. त्याच्या कागदाची मंग गरज हाय का?”

मी पुस्तक काढून नियम पाहिला. स्वतःच्या कराराने, तुकडीबरोबर जाणाऱ्या बाईला, नवरा तिकडेच असून त्यानं सोडून दिल्याचा पुरावा असला, तर संमती लागत नव्हती. पुरावा माझ्या खणात होता. ते पत्र आपल्याकडे असल्याचा मला आनंद झाला आणि लगेच लाजही वाटली.

“जायचं कारण काय लिहू?”

“बगाचा हाय.”

“काय?”

“तितं काय हाय ता.”

“अगं, ‘बघायला’ असं कारण लिहिता येत नाही. मी ‘रोजगारासाठी’ लिहितो.”

“रोजगार हितं बी हाय. खोटं कशाला लिवतंस?”

आत बोलावणं आलं तेव्हा ती जागा कोरीच होती. साहेब तरुण होता, मराठी पोथ्यांवरून शिकला होता. तो बोलू लागला की आम्ही कारकून खाली बघत असू.

“हे स्त्रिये,” साहेब म्हणाला, “तुझ्या गमनाचे प्रयोजन काय?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “परयोजन म्हंजी?”

“का जातेस, ते विचारतात.”

“बगाला.”

साहेबानं तो शब्द दोनदा मनाशी म्हटला. मग माझ्या मेजावरून आलेलं नवऱ्याचं पत्र उचललं. “तू आपल्या पतीस उपद्रव देण्यास तर जात नाहीस?”

“भांडायला जातेस का, म्हणतात,” मी सांगितलं.

तिनं त्याचं खरोखरच मनापासून उत्तर शोधलं. शिरस्तेदार हातातल्या कागदाची घडी अर्धवट ठेवून उभे होते. हिनं ‘नाही’ म्हटलं की झालं, हे आम्हां दोघांना कळत होतं. तिलाही कळत असणार.

“भेटला तर भांडान थोडी,” ती म्हणाली. “पन तेवड्यासाठी कोन दर्या वलांडतंय? सायबा, जलमल्यापासून दिसातनं दोनदा पानी आमच्या दारात येतंय आन् दोनदा जातंय. ता मी कोंडला, त्याचा मीठ केला. पन जातंय कुठं ता कवा बगितला नाय. त्यो माजा घोव गेला, आन् बगून बसला. मी नाय बगाचा?”

मी हे साहेबाला साध्या मराठीत समजावू लागलो. त्यानं हात वर करून मला थांबवलं. त्याला समजलं होतं. तो स्वतः कुठल्या तरी थंड गावाहून एवढ्या लांब आला होता, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

“तू राजीखुशीने जात आहेस?” त्यानं कागदावरचा शेवटचा प्रश्न विचारला.

“व्हय.”

त्यानं सही केली. आणि कारणाच्या कोऱ्या जागेत, स्वतःच्या हातानं, एक इंग्रजी शब्द लिहिला. शिरस्तेदारांनी तो वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवला. साहेबानं लिहिलं होतं, ‘ट्रॅव्हल’, म्हणजे प्रवास.

जायच्या दिवशी मी कोलशेतला गेलो. घरी सांगितलं की कचेरीचं काम आहे. तुकडी मिठाच्या मचव्यातून खाडीनं मुंबईला जाणार होती. भरती भरत आली होती. काठावर इतरांची माणसं गळ्यात पडून रडत होती. तिच्या भोवती कुणी नव्हतं. तिची एकुलती लेक कल्याणजवळ मोहन्याला दिलेली, ती दिसली नाही. ही मचव्याच्या तोंडाशी उभी राहून नाव हाकणाऱ्या तांडेलाला शिडाच्या दोरीबद्दल काहीतरी विचारत होती, आणि तो हातवारे करून सांगत होता.

मला पाहून ती हसली. “आयलास? कागद बराबर हाय ना?”

“बरोबर आहे.”

मचवा सुटला. काठावर ओरड झाली, पदर हलले. ती एकदम उठून उभी राहिली आणि हात करून मोठ्यानं ओरडली. मला वाटलं, आता निरोप घेते. तिचे शब्द वाऱ्यावर आले. “अरं त्यो बांध बगा, चौथ्या वाफ्याचा! पानी झिरपतंय!”

दोन गडी फावडी घेऊन धावले. ते खरंच झिरपत होतं. तेवढ्यात मचवा वळणाआड गेला.

साडेतीन वर्षांनी त्या तुकडीतला एक जण परत आल्याची नोंद करायला कचेरीत आला. त्याच्याकडून पुढचं कळलं. गेल्यावर महिन्याभरानं नवरा तिला भेटायला कामावर आला होता, पोराला खांद्यावर घेऊन. तिनं आधी पोराचं नाव विचारलं. मग ती दोघं भरावाच्या कडेला दुपारपर्यंत बसली होती. काय बोलली ते कुणी ऐकलं नाही. “त्यो रडत होता,” तो माणूस म्हणाला. “ती त्याच्या पोराला शिंपल्या दाखवत होती. मंग त्यानं भाकर आनलेली, ती खाल्ली दोगांनी. परत कवा आयला नाय त्यो.”

“आणि ती? ती आली का तुमच्याबरोबर?”

तो हसला. करार संपल्यावर सगळे परतीच्या बोटीत चढले, आणि हिला कुणीतरी सांगितलं होतं की रेल्वे जिथवर जाणार तिथे आत मुलखात एक एवढं मोठं तळं आहे की पलीकडचा काठ दिसत नाही, त्याला लाटा येतात, पण पाणी गोडं आहे. “गोड्या पान्याचा दर्या! तिला त्योच येक नाद लागला. आमी सांगितला, बाये, रानात सिंव हायत, मानसं नेतात. तर बोलली, सिंव मी कवा बगितला नाय.” तिनं नवा करार केला आणि रुळांच्या कामाबरोबर आत गेली. त्यानं तिला शेवटची पाहिली ती मालगाडीत, लाकडी स्लीपरांच्या ढिगावर बसलेली. शेजारी एक पंजाबी मिस्त्री होता आणि ती त्याला काहीतरी विचारत होती. “भाषा येत नाय येकमेकांची,” तो म्हणाला, “पन त्यो सांगत होता बगा.”

त्यानंतर तिची काही बातमी आली नाही. मी चौकशीची दोन पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं, त्यात ती त्या कामावर आता नाही, एवढंच होतं. ती त्या तळ्यापर्यंत पोचली का, पाण्यात हात घालून ते चाखून बघितलं का, हे मला माहीत नाही. पोचली असावी असं मी धरून चालतो. पुरावा म्हणाल तर नाही.

पुढे माझी बदली कल्याणच्या मामलेदार कचेरीत झाली. तिथे एका सकाळी एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उंची आणि पुढचे दात पाहून, तिनं सांगण्याआधीच, ती कोण ते मला कळलं.

“माज्या आयशीचा कागद तूच केलास ना?”

मी तिला बसवलं. मला ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं. शिरस्तेदार, नकाशा, डॉक्टरची नळी, साहेब, नवऱ्याचं पत्र, तो पोरगा, गोड्या पाण्याचा समुद्र. ती ऐकत राहिली. मध्ये एकदाही तिनं मला काही विचारलं नाही. मूल तिच्या मांडीवर झोपलं.

माझं संपल्यावर ती जमिनीकडे बघत म्हणाली, “सगल्यांना इचारला तिनं. तुला इचारला, डाक्तरला, सायबाला. त्या पोरग्याचा नाव बी इचारला.”

“हो.”

“मना नाय इचारला, मी जाव का म्हनून.”

“विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?”

“नको जाव बोलली असती.” तिनं झोपलेल्या मुलाचं डोकं पदरानं झाकलं. “म्हनूनच नाय इचारला तिनं.”

बाहेर ऊन चांगलंच चढलं होतं, आणि मोहन्यापर्यंत पायी जायचं होतं. “जरा बस,” मी म्हणालो, “उन्हं उतरू दे.”

तिनं तांब्यातलं पाणी प्यायलं, मूल खांद्यावर घेतलं आणि ती निघून गेली.